एक तर पळा, नाहीतर झोपा

उषाताई टिपणीसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या धावत होत्या.

नॉटिंगहॅमला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. बीस्टनच्या बसस्टॉपवर मी माझ्या सवयीप्रमाणे बस यायच्या बराच आधी येऊन उभा होतो. आमच्या देशकर घराण्यात गाडी चुकलेला माणूस अजून जन्मायचा आहे. गाडीची वाट पाहून कंटाळून घरी परत गेलेले मात्र दोन-तीन निघतील. बस आली, माणसं चढली, ड्रायव्हरने दार लावायला घेतलं आणि समोरच्या गल्लीतून पन्नाशी ओलांडलेली एक बाई सुसाट येताना दिसली. अंगावर नारायणपेठी साडी, वर जाड कोट, पायात पांढरे ट्रेनर्स, एका हातात डबा आणि दुसरा हात ड्रायव्हरला दाखवायला वर केलेला. बाई चढल्या, ड्रायव्हरला "थँक यू, माय डियर" म्हणाल्या आणि धपकन माझ्या शेजारी बसल्या. माझ्या मांडीवर नागपूरच्या एका कापडदुकानाची पिशवी होती.

"नागपूर का?" त्यांनी विचारलं. "किती वेळ उभा होतास?"

"असेन वीसेक मिनिटं."

"वीस मिनिटं! अरे, तेवढ्यात मी कुकर लावला, डबा भरला आणि यांच्याशी भांडूनसुद्धा आले."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'नागपूर' झालो. माझं प्रसाद हे नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

उषाताई भूलतज्ज्ञ होत्या. शिक्षण मिरजेचं आणि पुढची सगळी नोकरी इथल्या सरकारी हॉस्पिटलांत. तासन् तास पेशंटच्या उशाशी बसून त्यांनी सर्जनची वाट पाहिली होती. "सर्जन म्हणतो, जस्ट टेन मिनिट्स, उषा," त्या सांगायच्या. "सर्जनची दहा मिनिटं म्हणजे शिंप्याचा उद्या. जन्मभर त्या लोकांसाठी थांबले मी. थिएटरच्या बाहेर आता कोणासाठी थांबणार नाही." आणि त्या खरंच थांबत नसत. दुकानात रांग दिसली की तो पदार्थ त्यांच्या स्वयंपाकातून बाद व्हायचा. आमटी उकळत असताना बाई जिना चढून वर कपड्यांच्या घड्या घालून यायच्या आणि आमटी उतू गेली की आमटीलाच रागवायच्या.

नवरा मात्र देवाने नेमका उलटा दिला होता. अरविंदराव मनोविकारतज्ज्ञ. त्यांचा धंदाच मुळी थांबण्याचा. समोरचा माणूस बोलेपर्यंत हनुवटीला हात लावून बसायचं. घरीही ते तसेच बसत. जेवण झालं की सासूबाईंचा, म्हणजे त्यांच्या आईचा, जुना अडकित्ता घेऊन सुपारीचे केसासारखे पातळ काप करत बसायचे. खायचे एखाददुसराच, पण कातरायचे अर्धा तास. उषाताई म्हणायच्या, "यांना सुपारी खायची नसते रे, मी बोलायची थांबेन म्हणून वाट बघत असतात."

या दोघांना एकच मुलगी, सायली. वाढली नॉटिंगहॅममध्ये, शिकली ग्लासगोला, आणि एक दिवस उठून इंग्रजी शिकवायला चीनच्या पार नैऋत्येला कुनमिंगमध्ये जाऊन राहिली. वर्षभरासाठी म्हणून गेलेली पोरगी परतायचं नाव घेईना. उषाताईंना रजा मिळायची आठवड्याची, फार तर दहा दिवसांची, आणि कुनमिंगला इथून सरळ विमान नाही. बीजिंग नाहीतर शांघाय नाहीतर ग्वांगजो, कुठेतरी उतरून बदलायचंच. त्यातून उषाताईंची विद्या जन्माला आली. चीनमध्ये कुठल्या विमानातून उतरून कुठलं विमान गाठता येतं, हे आमच्या अख्ख्या मिडलँड्स भागात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तशी कोणाला गरजही नव्हती, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

त्यांचा सिद्धान्त सोपा होता. "एक तर पळा, नाहीतर झोपा. मधे बसायचं नाही." म्हणजे असं की दोन विमानांमध्ये एक तर इतका कमी वेळ ठेवा की धावत जाऊन पकडायचं, नाहीतर सरळ रात्रभर मुक्काम करा, आंघोळ करा, पाठ टेका, सकाळी गाव बघा आणि पुढे जा. पाच-सहा तास लोखंडी खुर्चीत बसून काढणारा माणूस त्यांच्या मते दयेला पात्र होता. "तो पोचतो रे, पण पोचून कोणाच्या कामाचा नसतो."

पळण्याचेही नियम होते. बॅग चेक-इन करायची नाही, कारण चीनमध्ये शिरताना पहिल्याच विमानतळावर ती ताब्यात घेऊन कस्टममधून काढून परत द्यावी लागते. "बॅग दिलीस की तू बॅगेचा नोकर." दोन वेगळी तिकिटं काढायची नाहीत, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमचं सोयरसुतक नसतं. एकाच तिकिटावर मधे रात्र येत असेल तर विमानकंपनी फुकट हॉटेल देते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि डब्यात भाजलेल्या रव्याचा उपमा हवाच, नुसतं गरम पाणी ओतून होणारा. "या देशात प्रत्येक विमानतळावर उकळत्या पाण्याचा नळ आहे. इथे उपाशी राहणारा स्वतःच्या कर्माने राहतो."

मला या विद्येचा प्रसाद मिळाला तो एका कोजागिरीला. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची आणि वुहानच्या एका गिऱ्हाईकाकडे मला पाठवायचं ठरलं होतं. टिपणीसांच्या घरी इथल्या मराठी मंडळाची वीसेक माणसं मसाला दूध पीत होती. मी कौतुकाने माझा प्रवासाचा कागद उषाताईंना दाखवला. लंडनहून शांघाय, दोन तासांनी शांघायहून वुहान. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मोठ्याने म्हणाल्या, "नागपूर, तू मेलास."

वीस माना माझ्याकडे वळल्या.

"उतरतोस पुडोंगला आणि उडतोस होंगचाओहून. अरे, ही दोन वेगळी विमानतळं आहेत! मधे अख्खं शांघाय आहे. तुझ्या ट्रॅव्हल एजंटला स्क्रीनवर शांघाय म्हणजे एकच चौकोन दिसतो."

मी म्हटलं, "टॅक्सीने होईल ना, उषाताई?" हे म्हणायला नको होतं. त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वाटी ठेवली, ती पुडोंग. दुसरी वाटी दिवाणखान्याच्या पार खिडकीत, ती होंगचाओ. माझ्या हातात दुधाने काठोकाठ भरलेला पेला दिला आणि मधे बसलेल्या वीस माणसांना हुकूम सोडला, "तुम्ही शांघाय. हलायचं नाही, आणि वाट तर मुळीच द्यायची नाही." मी निघालो. मंडळाच्या खजिनदारांच्या पायांना वळसा घातला, कोणाच्या तरी बाळाला ओलांडलं आणि अध्यक्षांच्या रेशमी कुडत्यावर दूध सांडलं. खोलीत जो हशा उठला तो शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याने भिंतीवर टकटक करेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिकीट बदलून घेतलं. वुहानला पोचल्यावर कळलं, त्याच आठवड्यात आमच्याच कंपनीचा एक गोरा साहेब त्याच दोन विमानतळांच्या मधे टॅक्सीत अडकून पडला होता.

उषाताईंचं हे कनेक्शनचं वेड फक्त चीनपुरतं नव्हतं. आमचा गणपती एका कम्युनिटी हॉलमध्ये बसायचा आणि आमच्यानंतर तिथे मुलांचा कराटेचा वर्ग असायचा. दरवर्षी आरत्या लांबायच्या, प्रसाद उरकायचा राहायचा आणि पांढऱ्या कपड्यातली पोरं दारात पाय आपटत उभी असायची. एका वर्षी आरतीचं काम उषाताईंकडे आलं. त्यांनी टाळ हातात घेतले आणि अशी लय धरली की भटजी दुसऱ्या कडव्यालाच घामाघूम झाले. मंत्रपुष्पांजलीचा शेवटचा शब्द आणि केअरटेकरच्या किल्ल्यांचा आवाज बरोबर एकदमच आला. कराटेची पोरं आत शिरताना प्रत्येकाच्या हातावर उषाताईंनी मोदक ठेवला आणि त्यांच्या मास्तरला म्हणाल्या, "टाइट कनेक्शन, बट वी मेड इट!" पुढच्या वर्षी ती पोरं मुद्दाम लवकर आली, मोदकांसाठी.

पण त्यांचं सगळ्यात सुंदर रूप मी पाहिलं ते ग्वांगजोला. वुहानचं काम संपवून मी परत निघालो होतो आणि टिपणीस पतिपत्नी कुनमिंगहून परतत होते. उषाताईंनी तारखा अशा जुळवल्या की तिघांचा ग्वांगजोला एक रात्र मुक्काम पडावा. मी म्हणायचो आपण अडकलो. त्या म्हणायच्या आपण झोपलो. कंपनीकडून हॉटेल वसूल करून आम्ही खरंच छान झोपलो आणि सकाळी उषाताईंनी आम्हाला जवळच्या बागेत नेलं. तिथे एका लाउडस्पीकरवर गाणं लावून पन्नास-साठ म्हाताऱ्या बायका ओळीत नाचत होत्या, गंभीर चेहऱ्याने, शाळेतली कवायत असते तशा. उषाताईंनी अरविंदरावांचा हात ओढला.

"चला."

"उषा, गुडघा," अरविंदराव म्हणाले आणि बाकावर बसले.

त्या एकट्याच शेवटच्या ओळीत शिरल्या. दोन गाण्यांत त्यांनी सगळे हातवारे उचलले, तिसऱ्या गाण्यात त्या पहिल्या ओळीत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी शेजारच्या ठेंगण्या आजीचे दोन्ही हात धरले, पाय जुळवून दाखवले आणि एकदम फुगडी सुरू केली. आजीने आधी किंकाळी मारली आणि मग अशी हसायला लागली की तिचा चष्मा उडून गवतात पडला. थोड्या वेळाने त्या बागेत फुगडीच्या आठ-दहा जोड्या गरगरत होत्या. अरविंदराव बाकावर बसून डोळे पुसत होते. हसण्यामुळे पाणी आलं होतं, की आणखी कशाने, मी विचारलं नाही. माझ्या मनात आलं, आपण उगाचच आयुष्यभर वेळेच्या आधी जाऊन उभे राहतो. इतकं आनंदात जगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

एक बोच मात्र त्यांना होती, आणि ती सायलीची होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सायलीचं गाणं असायचं, सर्जनची दहा मिनिटं लांबायची आणि उषाताई गाण्याच्या शेवटच्या ओळीला मागच्या दारातून धापा टाकत शिरायच्या. वाढदिवसाला केक कापून झालेला. पदवीदानाला टोपी उडवून झालेली. सायलीने कधी आदळआपट केली नाही. ती नुसती म्हणायची, "डोन्ट वरी, आई." उषाताई मला एकदा म्हणाल्या, "तिने भांडावं रे एकदा कडाकडा. ते डोन्ट वरी मला नको."

लंडनचं ऑलिम्पिक होऊन गेलं होतं, उषाताई निवृत्त झाल्या होत्या, तेव्हा सायलीचं लग्न ठरलं. मुलगा कुनमिंगचाच, वेई, तिच्याच कॉलेजात भूगोल शिकवणारा. एका दिवशी संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. मी टिपणीसांकडे जेवायला गेलो होतो तेव्हा तिचा फोन आला. उषाताईंनी स्पीकर लावला.

"आई, माझा हळद आहे, वेडिंग नाही फक्त," सायली म्हणाली. तिचं मराठी असंच होतं, गोड आणि वाकडंतिकडं. "तू लावणार मला हळद. पहिला तू. आणि आई, एक प्रॉमिस कर. या वेळी तू आधी ये. धावत नको येऊ. प्लीज."

"आधी येईन. प्रॉमिस," उषाताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, "मग दोन-तीन दिवस आधीच जा ना."

"दोन-तीन दिवस आधी जाऊन काय करू? मांडवाचे खांब मोजू?" त्यांच्यातली जुनी बाई लगेच जागी झाली. पण अरविंदरावांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यांना पळवता येणार नव्हतं. म्हणून उषाताईंनी आयुष्यातला सगळ्यात सैल बेत आखला. लंडनहून बीजिंग, रात्रभर हॉटेलात झोप, सकाळच्या विमानाने कुनमिंग. हळदीच्या चांगले पाच तास आधी. "पाच तास, नागपूर!" त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारख्या. लग्नाला मलाही आमंत्रण होतं. आम्ही तिघं निघालो.

बीजिंगची रात्र उत्तम गेली. रुखवताचं सामान होतं म्हणून नाइलाजाने एक मोठी बॅग बरोबर होती. अरविंदरावांनी हॉटेलात तिच्यातून अडकित्ता काढला, रोजच्याप्रमाणे सुपारी कातरली आणि कातरून झाल्यावर तो अडकित्ता आपल्या खांद्याच्या निळ्या पिशवीत सरकवला. जगातली सगळी माणसं रात्री औषधाची गोळी हाताशी ठेवतात, आमच्या अरविंदरावांनी अडकित्ता ठेवला.

सकाळी उषाताईंनी निघायला जरा उशीरच केला. रात्रभर झोप झाली होती, म्हणजे त्यांच्या नियमाने आता सकाळी पळायचं. मोठी बॅग काउंटरवर दिली. अरविंदरावांसाठी व्हीलचेअर मागवली होती, ती घेऊन एक उंच, काटक मुलगी आली. तिने त्यांना बसवलं, त्यांच्या मांडीवर उषाताईंची लाल बॅग ठेवली, जिच्यात हळदकुंकू, पैठणी आणि सगळं महत्त्वाचं होतं, आणि ती वेगळ्या दाराने अशी सुटली की अरविंदरावांचं "अहो, जरा हळू" हे लांबून ऐकू आलं.

"हिला मी थिएटरमध्ये घेतली असती!" उषाताई खूश होऊन म्हणाल्या. निळी पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्ही सिक्युरिटीच्या रांगेत लागलो.

पट्टा थांबला. पिशवी उघडली गेली. गणवेशातल्या एका तरुणाने अडकित्ता बाहेर काढला, उघडला, मिटला, परत उघडला आणि दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. उषाताईंनी हवेत सुपारी कातरून दाखवली. मग पिशवीतून खरी सुपारी काढून दिली, आणि प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी एक वयस्कर अधिकारी आला. त्याने सुपारी हुंगली आणि त्याचा चेहरा उजळला. "बिंगलांग!" तो म्हणाला. त्याच्या गावाकडे सुपारी खात असावेत. त्याने एक काप तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला, अंगठा वर करून दाखवला, आणि तरीही अडकित्ता सोडला नाही. तो बॅगेत चेक-इन करा, नाहीतर इथे टाकून जा.

"टाकून द्या, उषाताई," मी कळवळून म्हटलं. "विमान जाईल."

"सासूबाईंनी मरेपर्यंत हातातून ठेवला नाही तो, आणि मी बीजिंगच्या ट्रेमध्ये टाकू? होईल रे. काउंटर जवळच आहे. होईल."

हा "होईल" मी गेली सहा वर्षं ऐकत होतो आणि तो दर वेळी खरा ठरला होता. या वेळी ठरला नाही. काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. या विमानाचं सामान बंद झालं होतं आणि बघता बघता विमानही बंद झालं. माझ्या फोनवर अरविंदराव होते, विमानात, खिडकीशी.

"उषा, मी उतरू का?"

"तुम्ही हलू नका! हळद तुमच्याकडे आहे."

फोन बंद झाला आणि उषाताई एका लोखंडी खुर्चीत बसल्या. मी त्यांना विमानतळावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम लहान दिसायला लागल्या. "धावत येऊ नको म्हणाली होती रे," त्या म्हणाल्या. "एवढंच मागितलं होतं पोरीने."

 मी नळावरून गरम पाणी आणून दिलं. ते घोटभर पिऊन त्यांनी पदर खोचला आणि त्या उठल्या. कुनमिंगची पुढची सगळी विमानं भरलेली होती. उषाताईंनी काउंटरवरच्या मुलीला छंगदूमार्गे तिकीट काढायला लावलं. ते कनेक्शन इतकं आवळलेलं होतं की ती मुलगी "नो, नो" म्हणत होती आणि उषाताई "यस, यस" म्हणत होत्या. अडकित्ता सामानात गेला. छंगदूला आम्ही जे धावलो त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की एक साठ वर्षांची बाई माझ्यापुढे होती आणि मागे वळून "नागपूर, लाज आण" असं ओरडत होती.

कुनमिंगला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. अडकित्त्याची पिशवी पट्ट्यावर यायची होती. "तू थांब. तुला थांबता येतं," असं म्हणून उषाताई पळाल्यासुद्धा. ज्याच्यासाठी विमान घालवलं तो अडकित्ता मागे टाकून त्या टॅक्सीत बसल्या. मी थांबलो, तो घेतला आणि पाठोपाठ वेईच्या आईवडलांच्या घरी पोचलो.

अंगणाच्या फाटकाशी उषाताई उभ्या होत्या. आत दिवे लागले होते, हसण्याचा आवाज येत होता, आणि त्या बाहेरच भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आत का नाही गेलात?"

"झाली रे हळद," त्या म्हणाल्या.

मी डोकावलो. सायलीचं तोंड, हात, पाय सगळं पिवळं झालं होतं. अरविंदराव खुर्चीत बसले होते, त्यांचीही बोटं पिवळी. त्यांनी नंतर सांगितलं, ते त्यांना येतं तितकं थांबले होते. सायलीही "आई येईल" म्हणत थांबली होती. शेवटी वेईच्या थकलेल्या आजीला बसवेना, तेव्हा अरविंदरावांनी लाल बॅग उघडली. पहिलं बोट त्यांनी लावलं, दुसरं वेईच्या आईने.

सायलीने आईला पाहिलं आणि पळत फाटकाशी आली. हळद लागेल म्हणून मिठी न मारता समोर उभी राहिली. केस सुटलेली, पदर खोचलेली, धाप अजून न बसलेली आई तिने वरपासून खालपर्यंत पाहिली आणि हसली.

"डोन्ट वरी, आई," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

नंतर जेवणं झाली, वेईच्या काकांनी गाणी म्हटली, उषाताई सगळ्यांशी हसून खेळून बोलल्या. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लग्न दुपारचं होतं. मी अर्थातच सकाळीच हॉलवर गेलो, आमच्या घराण्याच्या रीतीला धरून. वाटलं होतं झाडणारेसुद्धा आले नसतील, आणि तसे ते आलेही नव्हते. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्यातली एक खाली काढून, रिकाम्या हॉलच्या मधोमध उषाताई बसल्या होत्या. पैठणी नेसून, केस नीट बांधून, मांडीवर एक झाकलेली वाटी धरून.

"कधी आलात?" मी विचारलं.

"उजाडल्यावर," त्या म्हणाल्या. हातात काही वाचायला नव्हतं, काही कातरायला नव्हतं. त्या नुसत्या बसल्या होत्या. मी माघारी वळणार तेवढ्यात सायली आली. अंगात ट्रॅकसूट, केस ओले, हातात फोन, फुलवाल्याला काहीतरी सांगत. मग तिचं लक्ष गेलं आणि बोलणं तोंडातच राहिलं.

"आई? तू कधी आली?"

"मघाशीच. ये, बस इथे."

"पण आई, मेकअपवाली येणार आता, आणि फुलांचा—"

"थांबू दे तिला," उषाताई म्हणाल्या. "सगळ्यांनाच थांबू दे."

त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं. कालच्या उरलेल्या हळदीत त्यांनी थोडं दूध घालून कालवलं होतं.  सायलीने फोन बंद केला, आईच्या पायाशी जमिनीवर बसली, तोंड वर केलं आणि डोळे मिटले. उषाताईंनी बोट बुडवलं आणि तिच्या कपाळापासून सुरुवात केली, मग एक गाल, मग दुसरा, अगदी सावकाश.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. मेकअपवाली तिची पेटी घेऊन आली तेव्हा मी दारासमोर उभा होतो. तिला माझी भाषा कळत नव्हती, मला तिची. मी दोन्ही हात पुढे करून तिला थांबायची खूण केली, आणि आम्ही दोघं थांबलो.